दुसरी रेघ

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती शिलाई मशीन झाकून, गल्लीत पोटाचे आजार बरे करणाऱ्या पोटबाबांच्या रांगेत उभी राहिली. रांग गल्लीच्या टोकापर्यंत होती. बाबा आधी म्हणायचे, "दात दाखवा." हिरड्या पाहून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "पोटात जंतू ठाण मांडून बसलाय." मग बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर. एक रेघ उमटायची, पाठोपाठ दुसरी. दुसरी रेघ म्हणजे जंतू. गर्दी हात जोडायची.

आईच्या हिरड्या सुजलेल्या. तिलाही दोन रेघा आल्या. जिना चढताना छाती भरून येते, असं तिने सांगितलं, तर जंतू वर सरकतोय, असं निदान झालं. चूर्ण मिळालं. घरी मला हसू आवरेना.

"दात काढू नकोस," ती म्हणाली. "उद्या तुझाही नंबर लावते."

दुसऱ्या दिवशी मशीनवरच ती कोसळली. दवाखान्यात मला कारण सांगितलं. भेटायला येणारे मात्र "पोटानं गेली" म्हणत, आणि मी ते खोडून न काढता चहा पुढे करत असे.

पुढे मावशीचीही जिन्यात छाती भरून यायला लागली. तीही चूर्णाला निघाली. मी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन मागोमाग गेले.

बाईंनी सोबत गल्लीतल्या न्हाव्याला आणलं होतं. त्याचं पोट नुकतंच दुर्बिणीने तपासलेलं, जंतूचा पत्ता नाही. हिरड्या मात्र सुजलेल्या. बाबांनी पट्टी लावली. दोन रेघा.

"पट्टी जंतू पाहत नाही," बाई म्हणाल्या. "जंतूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती पाहते. हिरड्यांतल्या काही जंतूंचा तोंडवळा पोटातल्या जंतूसारखा असतो. एकासाठी बनलेली प्रतिपिंडं दुसऱ्यालाही चिकटतात. पट्टी फसते."

"मग चूर्णाने बरं झाल्यावर दुसरी रेघ जाते ती कशी?" मावशीने विचारलं.

बऱ्या झालेल्याचं रक्त काढणं पाप, म्हणून बाबा तेव्हा पट्टीवर रक्ताऐवजी मंतरलेलं पाणी घालत. बाईंनी नळाचं घातलं. एकच रेघ आली, जी फक्त पट्टी चालू असल्याचं सांगते. नळही बरा झाला होता.

पाण्यालाही श्रद्धा लागते, असं बाबा म्हणाले. मावशीने मान डोलावली. "ताई पोटानंच गेली ना शेवटी."

"नाही, मावशी," मी म्हणाले. रांग वळून बघायला लागली. "आई हृदयविकारानं गेली. तिला जिन्यात व्हायचं तेच तुला होतंय. पट्टी काय मोजते हे कुणी विचारलंच नाही. आता विचारा सगळ्यांनी. आणि तू हृदयाच्या डॉक्टरकडे चल. आत्ता. मला आई एकच होती, आणि तूही एकच आहेस."