गाळणी कुणाची?

दुपारी मंत्र्यांची पत्रकार परिषद संपली आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत एकच धांदल उडाली. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या आपल्या गाळणीची रचना शेजारच्या देशाने चोरली, असा थेट आरोप त्यांनी केला होता. बातमी धाकटीकडे आली. घरातलं हे नाव तिला कचेरीतही चिकटलं होतं.

"साहेब, ही गाळणी माझ्या ताईच्या प्रयोगशाळेतली आहे," तिने संपादकांना आधीच सांगून टाकलं.

"मग विषय तुला कळतो. लिही, ओळ न् ओळ मी तपासतो. आणि तुमचं नातं बातमीतच छापू."

तेवढ्यात ताईचाच फोन. "सरळ 'चोरली' म्हणून लिही! उमेदीची सगळी वर्षं घातलीत मी त्यात."

"पुरावा काय, ताई?"

"त्यांची गाळणी आम्ही कापून पाहिली. थरांचा क्रम तोच. आमच्यात एक बिनकामाचा थर राहून गेलाय ना, तोसुद्धा तिथे आहे! आता बोल!"

धाकटीने लगेच बातमी टंकायला घेतली. 'चोरली' हा शब्द पडद्यावर उमटलासुद्धा. तिने तो खोडून 'चोरल्याचा आरोप' केला आणि शेजारच्या देशातल्या कंपनीला फोन लावला. बरीच टोलवाटोलवी झाल्यावर त्यांच्या मुख्य अभियंता बाई बोलायला आल्या.

"बिनकामाचा थर?" बाई उसळल्याच. "त्याच्यामुळेच गाळणी फाटत नाही! आम्ही तो शास्त्रज्ञांच्या भर परिषदेत मांडला होता. तुमची माणसं पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. चोर कोण, ते तुम्हीच ठरवा."

"ते ठरवणं माझं काम नाही, बाई. तुमचं म्हणणं जसंच्या तसं देते."

पान छपाईला सुटायची वेळ झाली. "'चोरी पकडली!' असा मथळा द्या," उपसंपादक ओरडला. "अंक हातोहात खपेल."

"'गाळणीवरून दोन देशांचे परस्परांवर आरोप'," धाकटी म्हणाली.

"अगदीच मिळमिळीत!"

"पण आत्ता आपल्याला माहीत आहे ते एवढंच."

संपादकांनी तिचाच मथळा लावला.

सकाळी मंत्रालयातून फोन आला आणि पाठोपाठ शेजाऱ्यांच्या वकिलातीतून. दोघांचीही तक्रार एकच, तुम्ही समोरच्यांची बाजू घेतलीत. संपादकांनी टेबलावर थाप मारली. "जमलं!"

ताईचा मात्र पत्ता नव्हता. तिचा फोन आला तो जेवणाच्या सुट्टीत, आवाजात नुसती धाप.

"अगं, सकाळी तुझी बातमी वाचल्यापासून तो थर काढून गाळणी चालवतेय. फाटतेय गं! दर वेळी फाटतेय! त्या बाईंचं खरं आहे."

"म्हणजे चोरी तुमच्या लोकांनी..."

"ते कुठे सिद्ध होतंय? आता प्रकरण लवादाकडे जाईलच, तो बघेल काय ते. थर कामाचा आहे, एवढंच मी सांगतेय."

"हे छापू? तुमचीच बाजू लंगडी पडेल."

ताई हसलीच. "छाप की! माझ्या तोंडचं म्हणून छाप."

हातातला घास तसाच टाकून धाकटी संपादकांच्या खोलीकडे धावली.