शिशाची जांभळी रेघ

मी हवा चाखणारा डबा बोलतोय. हो, डबाच! कागदोपत्री माझं नाव हातभर लांब आहे, पण मला जिन्यावरून चढवणारे हमाल डबाच म्हणतात.

माझं काम साधं. नळीतून हवा आत ओढायची आणि तिच्यातल्या धुळीवर लेझरचा ठोका द्यायचा. टक्! कणाची ठिणगी होते, सूर्याहून तापलेली, डोळ्याचं पातं लवायच्या आत विझणारी. तेवढ्यात मी तिचा रंग टिपतो. मिठाचा पिवळा, तांब्याचा हिरवा, शिशाचा जांभळा. पडद्यावर तशी रेघ उमटते. खोटं बोलणं मला जमत नाही. पण बोलणंही जमत नाही, आणि तिथंच घात झाला.

प्रयोगशाळेतल्या नूपुरने मला चिंचपोकळीच्या एका चाळीत नेलं. पहिल्या मजल्यावर मालनबाई, त्यांचा नवरा कोंडीराम आणि चार वर्षांची नात मनवा. खाली राजाराम शेठची भट्टी, जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायची. मनवाचं पोट सारखं दुखायचं, शिकलेले शब्द ती विसरत चालली होती. डॉक्टर म्हणाले, रक्तात शिसं आहे. शेठ म्हणाला, माझ्या भट्टीचं कशावरून? मी रेघ दाखवली की भट्टीला कुलूप लागणार होतं. त्यासाठी प्रदूषण मंडळाचे साहेब आणि शेठ दोघेही वर येऊन बसले होते.

नूपुर वायर जोडायला जिन्यात गेली आणि मालनबाईंनी कुंकवाची डबी उघडली. बाई मूळच्या मालवणकडच्या. खंडेनवमीला गिरणीतली यंत्रं पुजताना त्यांनी पाहिलेली. त्यांनी मला कुंकू वाहिलं, थेट नळीच्या तोंडाशी, आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा, खरा काय ता सांग. माझ्या नातीक वाचव रे!"

"व्हय म्हाराजा," कोंडीराम म्हणाले.

मला आजवर कुणी हात जोडले नव्हते. लाजलो हो मी!

मग मी सुरू झालो. जांभळी रेघ ताडकन वर गेली. "शिसं!" नूपुर ओरडली. पण शेठने नळीकडे बोट दाखवलं.

"मॅडम, हे कुंकू बघा. बाजारच्या कुंकवात शिशाची भेसळ असते. बाईंनी स्वतःच घातलंय!"

नूपुरचा चेहरा उतरला. साहेबांनी लिहिलं, नमुना बाद. अरे, ती डबीच माझ्यापुढे धरली असती तर दोन मिनिटांत निकाल लागला असता! कुणालाच सुचलं नाही. नूपुरलासुद्धा नाही.

माझी पुढची पाळी पाच महिन्यांनी आली. तिसऱ्या महिन्यात मनवा फिट येऊन दगावली होती.

या वेळी मालनबाई दारातच उभ्या राहिल्या. नवरा शेजारी असून कपाळ मोकळं होतं.

"आजी, आता..." नूपुर वायर सोडवता सोडवता म्हणाली.

"वरच्या माळ्यार आजून दोन पोरां आसत," त्या म्हणाल्या, आणि पदराआडून तीच डबी काढली. "पयला ह्येच्यात बघ."

नूपुरने चिमूटभर कुंकू नळीशी धरलं. टक्, टक्, टक्. जांभळी रेघ उमटलीच नाही. मग नळी पुसून खोलीतली हवा घेतली. रेघ पहिल्याइतकीच उंच गेली.

भट्टीला त्याच दिवशी कुलूप लागलं. मालनबाई मात्र माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तेवाच खरा सांगितलंस मा रे तू?"

हो, बाई. तेव्हाच सांगितलं होतं.

आता मी प्रयोगशाळेत टेबलावर असतो. झाकणावर कुंकवाचा एक डाग राहिलाय, नूपुर तो पुसू देत नाही. मला बघायला येणाऱ्यांनो, माझी पूजा करू नका. मी म्हणतो त्यावर शंका आली, तर ती शंकाही माझ्यापुढेच धरा, आणि त्याच दिवशी धरा. पाच महिने फार होतात.

आणि मालनबाई, ऐकू येत असेल तर ऐका. तुमच्या बोटाला शिसं नव्हतं.