लोणीच्या भापकरांची हौसा

कौसल्याबाईंची सून एलोडी कॅनडाच्या फ्रेंच मुलखातली. कळस गावच्या घरात भिंतीवर दोन्ही घराण्यांची वंशावळ लावायची, असं तिनं ठरवलं होतं. म्हणून विजयसिंह सकाळपासून संगणकात डोकं खुपसून बायकोच्या कुळातली मूळ बाई शोधत होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून जहाजानं आलेली ती बाई काही केल्या सापडेना.

"नवऱ्याच्या आडनावानं शोधतोयस ना?" भाकरी थापता थापता एलोडी हसली. "आमच्याकडं चर्चच्या दप्तरात बाईला मरेपर्यंत बापाचंच आडनाव."

त्यानं तसं शोधलं आणि बाई लगेच हजर! एलोडी पिठाच्या हातांनीच नाचली.

शेंगा फोडणाऱ्या कौसल्याबाईंचा हात मात्र थांबला.

"त्या वंशावळीत माझं नाव काय घातलंस रं?"

"कौसल्या जोतीराम."

"खोड ते! लग्नात तुझ्या बापानं ठिवलेलं नाव हाय ते. मी लोणीच्या भापकरांची हौसा."

दारात उभ्या जोतीरामतात्यांनी ते नाव जिभेवर घोळवून पाहिलं.

"हौसा, च्या देती का?"

"आधी नीट हाक मारायला शिका," हौसाबाई फणकारल्या आणि लाजून चुलीकडं पळाल्या.