दारामागं कोण?

शांतवन पाटोळेच्या सिनेमात खून कुणी केला ते शेवटपर्यंत कळत नाही, असं लोक सांगत, आणि बरीच वर्षं ते खरं होतं. पोस्टरवर दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव नटाच्या नावापेक्षा मोठं छापत. पण सत्तर साली त्याचा नवा सिनेमा मुंबईत लागला आणि जिथं लोकांनी श्वास रोखायचा, तिथंच ते हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टरच आहे तो!" आणि डॉक्टरच होता. शांतवन मध्यंतरालाच थिएटरबाहेर पडला.

चार दिवसांनी तो कोल्हारला थोरल्या बहिणीकडे आला. दयाबाई मिशनच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, नुकत्याच निवृत्त झालेल्या. आयुष्यभर वर्गात आवाज न चढवता त्यांनी पोरं धाकात ठेवली होती. वडील आमोस मास्तर. पोरगा सिनेमाच्या नादाला लागला म्हणून त्यांनी घरात त्याचं नाव घेणं सोडलं होतं. दयाबाईंनी भावाला अंतर दिलं नाही, पण वडिलांच्या माघारीही त्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता.

दुपारी शेजारची लंकाबाई डाळ निवडायला आली. दयाबाई सूप पुढं ओढत म्हणाल्या, "शांत्या, तू तिथं नेमकं करतोस तरी काय रे?"

शांतवनला कुणीतरी विचारायलाच हवं होतं. त्यानं पुढच्या सिनेमाची गोष्ट सांगायला घेतली. एक बाई नव्या गावात भाड्याच्या घरात राहायला येते, आतल्या खोलीत आधीच कुणीतरी लपलेलं असतं. मग किल्ली, नकली दाढी, खोटा तार-शिपाई. रंगवून रंगवून सांगितलं त्यानं. लंकाबाईनं जांभई दिली.

"ती बाई कोण?" दयाबाईंनी विचारलं.

"कोण म्हणजे?"

"तिला कुणी आहे की नाही? एकटीच जेवते का? तिला आवडतं काय?"

"ताई, तिला फक्त ते दार उघडायचंय."

"मग उघडू दे की. मला काय त्याचं?"

शांतवनच्या अंगाची लाही लाही झाली. तो तसाच उठून प्रवरेच्या काठानं चालत सुटला. हिला सिनेमातलं काय कळतं, असं तो मनाशी घोकत राहिला. पण घोकता घोकता त्याला कळून चुकलं, की गेल्या तीन सिनेमांतल्या एकाही बाईचं नाव त्याला धड आठवत नाही. दारं मात्र सगळी आठवत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोघींना गोष्ट नव्यानं सांगितली. बाईला त्यानं मास्तरीण केली. ती वेणी घालताना स्वतःशीच बोलते, पहिली भाकरी दारातल्या कुत्र्याला घालते, शाळेत न आलेल्या पोरीच्या घरी जाऊन बसते. दयाबाई गालातल्या गालात हसल्या. बाईची ही ओळख त्यांना पटली असावी. मग त्या मास्तरणीनं संध्याकाळी कुलूप काढलं, चप्पल काढली, गुणगुणत आतल्या दाराकडं निघाली. इकडं दयाबाईंच्या चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी उठेना.

"आगं बया! कुनीतरी सांगा की तिला!" लंकाबाईनं कपाळाला हात लावला. "मरंल न्हाई का ती?"

शांतवन थांबला. किती वर्षांनी त्याच्या गोष्टीवर कुणाचा जीव असा टांगणीला लागला होता!

हिवाळ्यात कोल्हारलाच शूटिंग झालं. "अर्धा तास खून नाही, मारामारी नाही! लोक उठून जातील," निर्माता डोकं धरून बसला. "जाऊ देत," शांतवन म्हणाला, पण रात्ररात्र त्याला झोप नव्हती.

एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर सिनेमा नगरला लागला. शांतवननं बहिणीला बोलावलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं.

"बाबांना काय वाटलं असतं?"

"ते मलाही ठाऊक नाही, ताई. तू बघ आणि मग तूच सांग."

दयाबाई पांढरं स्वच्छ लुगडं नेसून लंकाबाईला घेऊन एसटीनं आल्या. शांतवन त्यांच्या शेजारी बसला खरा, पण त्याची नजर पडद्यावर नव्हती, लोकांच्या तोंडांवर होती. अर्धा तास झाला. कुणी उठलं नाही. मास्तरणीनं चप्पल काढली, गुणगुणत निघाली. थिएटर चिडीचूप झालं. आणि ज्या बाईनं जन्मात आवाज चढवला नव्हता, ती ताडकन उभी राहून ओरडली, "अगं, आत जाऊ नकोस!"

शांतवनला वाटलं, आता हसतील. पण पुढच्या रांगेतून आवाज आला, "मागं फिर, बाई, मागं फिर!" मग बाल्कनीतून, मग सगळीकडून. अख्खं थिएटर एका बाईला वाचवायला उठलं होतं.

सिनेमा सुटला तेव्हा शांतवनचे डोळे भरून आले होते. बाहेर लोक हातवारे करत बोलत होते, तिकिटांच्या खिडकीवर पुढच्या खेळाची रांग पार रस्त्यावर गेली होती. तो बहिणीच्या तोंडाकडं बघत राहिला.

"बाबाही ओरडले असते," दयाबाई म्हणाल्या. पदरानं तोंड पुसत त्या सरळ रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, अगं, आता तर तुला कळलं की दारामागं कोण होतं!"

"कळू दे की," त्या म्हणाल्या. "मला तिला पुन्हा बघायचंय."