कसरीनं खाल्लेला आकडा

गौलीगुड्यातल्या आमच्या बाइंडिंगच्या दुकानात सासऱ्यांचं एक पुस्तक आहे. शंभर वर्षांपूर्वी छापलेलं, पुस्तकं कशी बांधावीत ते मराठीत शिकवणारं. त्यात लिहिलंय, कसर लागू नये म्हणून चिकटवायच्या खळीत मोरचूद घालावा. किती घालावा, नेमका तो आकडाच मेल्या कसरीनं खाल्लाय!

धाकटे दीर गोरखनाथ म्हणाले, "वहिनी, कायकू परेशानी? डब्यातला गोंद लावा ना."

माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा किड्यापुढं हार मानू?

मोरचुदाचं प्रमाण वाढवत वाढवत मी सात वाट्यांत वेगवेगळी खळ केली. ती कागदाच्या सात पट्ट्यांना लावली, प्रत्येकीवर प्रमाण लिहिलं आणि सगळ्या कसर लागलेल्या जुन्या पेटीत टाकल्या. सहा महिन्यांनी पेटी उघडली, तर पाच पट्ट्यांची चाळण झालेली. सातवी वाचली होती, पण हिरवी पडली होती. सहावी मात्र जशीच्या तशी.

सहावीच्याच खळीनं मी सासऱ्यांचं पुस्तक नव्यानं बांधलं. त्या भोकावर कागद चिकटवून आकडा लिहिला. मग पुस्तक उचललं आणि त्याच पेटीत ठेवलं.

"खा आता!"