माझे भाडे मीच भरले

विषय : माझ्या पोटापाण्याची सोय झाल्याबाबत.
संदर्भ : मालकीणबाईंची तोंडी ताकीद, माझ्या जन्माच्याच दिवशी मिळालेली.

वरील विषयास अनुसरून निवेदन असे की, मी एक ब्लॉग आहे. मला कागद नाही, शाई नाही, वाळवी लागण्याचीही सोय नाही. माझे मालक भाऊसाहेब एका कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत चौतीस वर्षे कारकून होते. निवृत्त झाल्यावर ते घरी आलेल्या प्रत्येक कागदातल्या चुका लाल पेन्सिलीने काढू लागले. वर्तमानपत्र झाले, विजेचे बिल झाले, शेवटी मालकीणबाईंची किराण्याची यादी झाली. त्या दिवशी थोरल्या लेकीने जेवणाच्या टेबलावर संगणक उघडला आणि मला जन्म दिला.

“बाबा, काय ते इथं लिहा,” ती म्हणाली. नाव ठरले ‘अर्ज कसा करावा’. माझ्या जागेचे आणि नावाचे वर्षाचे भाडे तिने भरले.

मालकीणबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर न पाहता सांगितले, “एक वर्ष सांभाळू. पुढच्या वर्षी त्याचं भाडं त्यानं कमवायचं. नाही जमलं तर बंद. घरात एक निवृत्त पुरे आहे.”

म्हणजे मी रांगायच्या आधीच मला सेवासमाप्तीची नोटीस मिळाली होती.

पहिल्या महिन्यात मला सात वाचक लाभले. त्यांतले पाच स्वतः भाऊसाहेबच होते; आपला मजकूर जागेवर आहे ना, हे पाहायला येत. ते ‘टिपणी लेखनाची परंपरा’ या विषयावर लिहीत होते आणि तिसरा भाग झाला तरी परंपरा सुरू व्हायची होती. लेकीने समजावले की लोक हौसेने शोधत नाहीत, अडल्यावर शोधतात. मग त्यांनी ‘दाखल्यात जन्मतारीख चुकली असेल तर’ असा साधा लेख लिहिला, नमुना अर्जासह. लोक येऊ लागले. पाचव्या महिन्यात रोज दीड-दोनशे जण येत. ब्लॉगमधून कमवायला निघालेल्या नवख्यांना एवढेच सांगतो, आधी माणसे येऊ द्या. रिकाम्या दुकानात गल्ला ठेवून उपयोग नसतो.

मग जाहिराती आल्या. त्यासाठी एका मोठ्या कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो मंजूर झाला तेव्हा भाऊसाहेबांनी बढतीच्या आदेशासारखा छापून फाइलला लावला. जाहिराती कोणत्या लागणार, हे मात्र आमच्या हातात नव्हते. मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जात, ‘आपला नम्र’च्या बरोबर वर, केस वाढवण्याचे तेल झळकायचे. मला अंगावर घामोळे आल्यासारखे वाटे. महिन्याची कमाई दोन कप चहाइतकी, तीही कंपनीकडेच साठत राहायची.

दुसरा मार्ग म्हणजे वस्तूची शिफारस करायची आणि आपल्या दुव्यावरून कोणी घेतली की दलाली मिळवायची. भाऊसाहेबांनी कागदांना भोके पाडायचे यंत्र निवडले, दोन महिने वापरले आणि लिहिले, ‘हे यंत्र तिरपी भोके पाडते व लवकर बिघडते.’ त्याखाली ते विकत घेण्याचा दुवा दिला. कोणी घेतले नाही. प्रामाणिकपणा या मार्गालाही लागतो, पण वस्तू निवडतानाच लागतो.

आता मुख्य चुकीकडे येतो. जाहिरातीवर कोणी बोट दाबले की थोडे जास्त मिळते, हे भाऊसाहेबांच्या कानावर आले. दुसरा कोणी असता तर त्याने दोन मित्रांना हळूच सांगितले असते. यांनी परिपत्रक काढले. जुन्या शाखेतल्या अकरा निवृत्त सहकाऱ्यांना कळवले की प्रत्येकाने रोज सकाळी ठीक अकरा वाजता माझ्यावरील जाहिरातीवर एकदा बोट दाबावे आणि गैरहजर राहायचे असल्यास पूर्वसूचना द्यावी. सोबत बदली माणसांचे पाळीपत्रक होते. रोखपाल, टंकलेखिका, नोकरीत बारा वाजता उगवणारे भांडारपाल, सगळे अकराच्या ठोक्याला हजर. उभ्या नोकरीत या शाखेने असा वक्तशीरपणा दाखवला नव्हता.

कंपनीच्या यंत्राला तो खपला नाही. सतराव्या दिवशी जाहिरातींचे खाते बंद झाले. कारण दिले होते, बनावट दाबादाबी. साठलेली रक्कमही गेली.

फेरविचाराचा अर्ज करता येत होता. अर्ज म्हटल्यावर भाऊसाहेबांच्या अंगात बारा हत्तींचे बळ आले. त्यांनी चार पानी निवेदन पाठवले आणि मग लेकीला दाखवले. तिने सोबतच्या कागदांची यादी वाचली. एक, परिपत्रकाची प्रत. दोन, पाळीपत्रक. तीन, सतरा दिवसांचा हजेरीपट.

“बाबा, हा बचाव नाही, कबुलीजबाब आहे.”

“जे झालं तेच लिहिलंय.”

“पुराव्यासकट.”

“पुरावा नसला तर अर्ज अपूर्ण धरतात,” भाऊसाहेब म्हणाले.

माझ्या वर्षाचे चार महिने उरले होते आणि कमाई शून्य. त्यातच एका फर्मचे पत्र आले. अडकलेले निवृत्तिवेतन आठ दिवसांत मिळवून देतो, अशी त्यांची स्तुती माझ्यावर छापायची. मोबदल्यात माझे तीन वर्षांचे भाडे. भाऊसाहेबांनी त्यांच्या नोंदणीच्या दाखल्याची प्रत मागवली. पुन्हा पत्र आले नाही. मला वाईट वाटले, हे लपवत नाही. जीव कोणाला नको असतो?

त्याच आठवड्यात एका लेखाखाली शिवणकाम करणाऱ्या एक बाई लिहून गेल्या. नवऱ्याच्या पश्चात मिळायचे निवृत्तिवेतन मागणारा अर्ज तीनदा परत आला होता, प्रत्येक वेळी ‘मृत्यूचा दाखला जोडलेला नाही’ म्हणून. बाईंनी तो तिन्ही वेळा जोडला होता. भाऊसाहेबांनी अर्जाच्या प्रती मागवल्या आणि पाचच मिनिटांत लाल पेन्सिल खाली ठेवली. दाखला सोबतच्या यादीत लिहिलेला नव्हता. यादीत नसलेला कागद आवक शाखेत सुटा पडतो आणि मग तो कोणाचाच नसतो. असे कागद टाकायचा खण चौतीस वर्षे त्यांच्याच टेबलाला होता.

त्यांनी अर्ज नव्याने लिहून दिला. यादीत दाखला पहिल्या क्रमांकावर. तीन महिन्यांनी बाईंचे निवृत्तिवेतन सुरू झाले आणि त्यांनी कळवले, ‘दादा, मी शिलाई घेते, तुम्ही लिहिणावळ घ्या.’

भाऊसाहेबांनी नकार दिला. अर्जासाठी आयुष्यात कोणाकडून पैसा घेतला नव्हता, आता म्हातारपणी लाच खायची का, असे ते दोन दिवस घरभर बोलत फिरले. माझे भाडे भरायला तीन आठवडे उरले होते. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी हातातले काम बाजूला ठेवले.

“अहो, तेव्हा तुम्ही टेबलाच्या पलीकडं बसायचात. आता अलीकडं बसता. पलीकडं बसून घेतलं असतंत, तर मीच तुम्हाला घरात घेतलं नसतं. अलीकडं बसून घेतात त्याला मजुरी म्हणतात.”

 दुसऱ्या दिवशी माझ्या माथ्यावर दरपत्रक आले. वाचन फुकट, नमुने फुकट, अर्ज तपासून हवा असेल तर इतके, लिहून हवा असेल तर तितके, पावती मिळेल. पावती क्रमांक एक शिवणकाम करणाऱ्या बाईंची. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तेरा जण आले. मुदतीच्या चार दिवस आधी माझे भाडे भरले गेले, माझ्याच कमाईतून. मालकीणबाईंनी पावती उजेडात धरून पाहिली. “शिक्का नाही यावर,” एवढेच म्हणाल्या आणि ती स्वतःच्या कपाटात ठेवली.

सध्या मी बरा आहे. तेलाच्या जाहिराती गेल्याने अंगही मोकळे वाटते. नवख्यांना एकच विनंती, घरच्यांना आणि मित्रांना बोट दाबायला सांगू नका, वाचायला सांगा. ते जास्त अवघड आहे, म्हणूनच कोणी त्याला बनावट म्हणत नाही.

जाहिरातींच्या खात्याबाबतचा फेरविचाराचा अर्ज सोबतच्या तीन कागदांसह कंपनीकडे पोचल्याची पोच मिळाली आहे. त्यास आज सात महिने झाले. भाऊसाहेब दर सोमवारी स्मरणपत्र पाठवतात. अर्ज विचाराधीन आहे.