मुलीकडची चौकशी

दगूबाईंनी कुंकवाच्या वाटीत बोट बुडवले, आणि तेवढ्यात पाटावरच्या रविनाने कपाळ मागे घेतले.

साखरपुड्याच्या मांडवात एकच कुजबुज उसळली. दगूबाईंच्या रनाळ्याच्या अंगणात सकाळपासून शंभर माणसांचा आनंद नुसता उतू चालला होता. शेवभाजीला तर्री आली होती, वाजंत्रीवाले दगूबाईंच्या खुणेची वाट पाहत होते. नातू कल्पेशची सोयरीक त्यांनी स्वतः ठरवली होती. मध्यस्थ शांतीलालला म्हसावदला चार खेपा घालून मुलीकडची चौकशी करायला लावली होती.

“कुंकू लावण्याआधी ऐका, आजी,” रविना म्हणाली. नर्सिंगच्या शिक्षणाने तिची भाषा शहरी झाली होती. “माझ्या आईवर उपचार चालू आहेत. व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे तिला. मेंदूतल्या रसायनांचा त्यात वाटा असतो, आणि धोका वारशानेही येतो. येईलच असं नाही. पण लपवून मी या घरात येणार नाही.”

तिचे वडील धुडकू यांनी कपाळाला हात लावला. शेजारी तिची आई पदराचे टोक मुठीत आवळून बसली होती.

“धुडकूभाऊ, मन्हं नाक कापं तुमीन!” शांतीलाल कडाडला. “माय, सोयरीक मोडनी समजा.”

दगूबाईंनी हात वर केला.

“तुन्ही माय कशी वागस, पोर?”

“एका घटकेला जीव ओवाळते, दुसऱ्या घटकेला भांडी अंगणात भिरकावते. मग ‘मला सोडू नका’ म्हणत पाय धरते. आता पुष्कळ सावरली आहे.”

दगूबाईंच्या बोटावरचे कुंकू सुकत चालले होते. त्यांच्या दिवंगत यजमानांना गाव ‘वाघ’ म्हणे. तो शब्द गावाला दगूबाईंनीच दिला होता.

“शांतीलाल, पोरकडनी चौकशी तून करी. आमनी कोन करी?”

“पोऱ्याकडनी कोन करस, माय? आनि तुमनं तं मोठं घर!”

“मंग मीच सांगस.” त्यांचा आवाज चढला, चाळीस वर्षे दाबलेले काही एका दमात बाहेर यावे तसा. “कल्पेशना आजा भांडा फेके. मन्हा पाय धरीसन रडे. आनि दोधू, तुन्हा हातवरला तो डाग. लोकेस्ले मी चुलाना सांगं. तो चुलाना नही.”

“माय!” कल्पेशचे वडील दोधू जागच्या जागी उठले.

“बस खाले. पोरनी सांगं, तितलं आपीन बी सांगूत. आते सोयरीक ठेवनी का मोडनी, ते ती ठरावी.”

शंभर माणसांच्या नजरा रविनाकडे वळल्या. रविना मात्र कल्पेशकडे पाहत होती. भर उन्हात त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, आणि उजव्या हाताने तो डावी बाही मनगटाखाली ओढत होता, पुन्हा पुन्हा.

तिच्या आधी तिची आई उठली. माणसे बाजूला सरकली. ती थेट कल्पेशसमोर जाऊन उभी राहिली.

“कितला दिवसपाईन, बेटा?” तिने हळूच विचारले.

कल्पेशने बाही सोडली. मनगटावर ब्लेडने स्वतःच ओढलेल्या चिरा होत्या, काही जुन्या, काही ताज्या.